खड्डा बुजवायचा रविवार

मुरमाची बंडी सकाळपासून दारात उभी होती आणि घरातलं एकही माणूस तिच्याकडे पाहायला तयार नव्हतं. बंडीवाला बळीराम कडुलिंबाखाली बसून तंबाखू मळून मळून कंटाळला, बैलांनी अंगण घाण करून ठेवलं, आणि आत पुढच्या खोलीत धकाते मंडळींचं भांडण काही संपेना. भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. या घरात कोणी ओरडत नाही. या घरात माणसं एकमेकांना टोचून बोलतात आणि वर चहा पाजतात.

भांडण होतं एका खड्ड्यावरून. सक्करदऱ्याच्या त्या घरात पुढच्या खोलीच्या मधोमध हातमागाचा खड्डा होता. विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय खाली सोडून पावड्या दाबायच्या, म्हणजे वर ताण्याचे उभे दोरे उघडतात, त्यांच्यातून आडवा धागा घेऊन धोटा पळतो, आणि फणी ओढून वीण घट्ट करायची. बाबनराव धकात्यांनी उभी हयात त्या खड्ड्यात पाय सोडून काढली होती. आता त्यांचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि दसऱ्याची पूजा झाल्यापासून मागावर कोणी बसलं नव्हतं. थोरला गोपाळराव आरा मशीनवर कामाला. त्याला लाकडातलं कळे, दोऱ्यातलं नाही. त्याच्या पोराचं लग्न फाल्गुनात ठरलेलं. नवी सून येणार, तिला खोली नको? म्हणून खड्डा बुजवायचा, वर फरशी घालायची, असं सगळ्यांच्या संमतीनं ठरलं होतं. गोपाळरावानं रविवार धरून मुरूम मागवला आणि मागावरचं शेवटचं कापड कापायला उमरेडहून मैनाआत्याला बोलावणं धाडलं.

आणि ऐन वेळी, शनिवारी जेवताना, धाकट्या मधुसूदननं ताटावरून मान न उचलता सांगितलं, "खड्डा बुजवू नका. मी दवाखाना सोडून राहिलो. मागावर बसतो."

झालं. त्या घासापासून घरात कोणाचं कोणाशी धड नव्हतं.

"मले एक सांग," बाबनराव आता पुन्हा म्हणाले. ते भिंतीला टेकून, दुखरे पाय लांब करून बसले होते. "या गल्लीत सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर कोण? तू. रस्त्यानं जातो तं लोक मले म्हणतात, तो पाहा कंपाउंडरचा बाप. मी खड्ड्यात पाय सोडले ते काहून? तुले सोडा लागू नये म्हणून. आन तूच म्हणतो मी बसतो."

"बाबा, मी हौसेनं म्हणून नाही राहिलो."

"मंग कायनं म्हणून राहिला?"

कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि तेच मधुसूदनला तोंडानं सांगायचं नव्हतं.

दुखणं वर्षभरापूर्वी लागलं. तसं आधीपासून असेल, पण वर्षभरापूर्वी ते घराच्या ध्यानात आलं. मधुसूदन दवाखान्यात खोकल्याचं औषध बाटलीत भरून द्यायचा, वर कागदाची पट्टी चिकटवायचा, आणि रोगी फाटकाबाहेर गेला की त्याला शंका यायची. मी खोकल्याचं दिलं की अंगाला लावायचं दिलं? त्या म्हातारीनं ते प्यायलं तर? सुरुवातीला तो फाटकापर्यंत धावायचा. मग रस्त्यापर्यंत. मग सायकल काढून लोकांच्या घरी जाऊ लागला. दार वाजवायचा, बाटली मागायचा, हुंगायचा, परत द्यायचा, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा यायचा. लोक आधी म्हणाले, काय बाई काळजी घेतो हा पोट्टा. मग लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. एकदाही चुकीचं औषध गेलं नव्हतं, हे तो स्वतः शपथेवर सांगू शकत होता. पण त्या शपथेवर त्याचाच विश्वास बसत नव्हता.

मैनाआत्यानं एक बाबा दाखवला, त्यानं ताईत दिला. मग मधुसूदन ताईत दंडावरच आहे ना, हे चाचपायला लागला. काम वाढलं तेवढं.

शेवटी कौसल्या, त्याची बायको, कोणाला न विचारता त्याला धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, मंत्रचळ. औषध दिलं, पण म्हणाल्या, खरं औषध कडू आहे आणि ते तुम्हालाच घ्यायचं आहे. बाटली भरायची, पट्टी एकदा वाचायची, हातात द्यायची. मागे जायचं नाही. भीती येईल, येऊ द्यायची. छाती धडधडेल, धडधडू द्यायची. ती आपणहून उतरते. तुम्ही तपासायला गेलात की तिला खाऊ घातल्यासारखं होतं, उद्या ती दुप्पट भूक घेऊन येते. आणि कौसल्येला वेगळं बसवून सांगितलं, ते विचारतील, "मी बरोबर दिलं असेल ना?" तुम्ही "हो" म्हणायचं नाही. "माहीत नाही" म्हणायचं.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडलेला असताना "माहीत नाही" म्हणायचं, हे सोपं काम नव्हतं. पहिल्या दिवशी ती तसं म्हणाली आणि न्हाणीत जाऊन रडली. पण म्हणत राहिली. ती विणकराची लेक होती, धरलेला दोर सोडत नव्हती.

आणि गुण येत होता. हळू, पण येत होता. पावसाळा संपेपर्यंत मधुसूदनची सायकल दवाखान्यातून सरळ घरी येऊ लागली होती. पण गेल्या गुरुवारी काय झालं कोण जाणे, एका लेकराचं औषध दिलं आणि त्याचा धीर सुटला. तो लेकराच्या घरी गेला, बाटली हुंगली, परत आला, पुन्हा गेला. लेकराच्या बापानं त्याला दारातून ढकलून लावलं. त्या संध्याकाळी त्याच्या मनानं घेतलं, बस. ही नोकरीच नको. माग बरा. कापडानं कोणी मरत नाही.

धंतोलीत शुक्रवारी त्यानं ते सांगितलंही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "नोकरी सोडा की धरा, ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "विणायची खरी ओढ असेल तर जरूर विणा. पण एवढं पाहा, तुम्ही कशाकडे तरी निघाला आहात की कशापासून तरी पळत आहात."

"मले कसं कळन ते?" त्यानं विचारलं होतं.

"पूर्ण कदाचित कधीच कळणार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. असलं उत्तर द्यायला फी कशाला घेतात, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"त्याले कायले विचारता बाबा," गोपाळराव आता म्हणाला. "मी सांगतो. गुरुवारी कोणीतरी धक्का मारला, म्हणून हा नोकरी सोडून राहिला. उद्या मागावर कोणी काही बोललं तं माग सोडन. आन आमी तोपर्यंत सुनेले अंगणात निजवाचं."

"हळू बोल," त्याची बायको जयवंता म्हणाली. मग स्वतःच पुढे बोलली, "पण भाऊजी, खरं सांगते, राग नका मानू. तुमच्या मनाचा भरवसा तुमालेच नाही. आमी कसा ठेवाचा?"

वहिनीचं बोलणं मधुसूदनला लागलं, कारण ते खरं होतं. त्यानं कौसल्येकडे पाहिलं. ती चुलीकडच्या दारात उभी राहून तांदूळ निवडत होती आणि डोळे सुपातच ठेवत होती. शनिवारपासून ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती.

"बोलू दे त्यायले," मैनाआत्या म्हणाली. "माह्या भावाच्या घरात माग राहिला तं मले आनंदच हाय. पोट्ट्याच्या हातात कला होती. याची माय जित्ती असती तं तिनं याले उठूच देलं नसतं मागावरून."

आता ही मैनाआत्या म्हणजे बाबनरावांची धाकटी बहीण. उमरेडला अजून स्वतः विणत होती. कापडाच्या बाबतीत तिनं आयुष्यात आपलं मत पोटात ठेवलं नव्हतं. परक्या लग्नात गेली तरी नवरीच्या पदराला हात लावून सांगायची, विणणारीनं इथं आळस केला. लोक तिला आधी जेवायला बसवून मोकळे होत.

"तू नको तेल ओतू मैना," बाबनराव म्हणाले.

"मी नाही ओतत. मी फक्त म्हणते का आधी ताणा संपवा, मंग भांडा. हातभर ताणा राहून गेला हाय. खड्डा बुजवा का ठेवा, अर्धा ताणा मागावर ठेवून निर्णय होत नाही आपल्या घरात."

ते मात्र सगळ्यांना मान्य होतं. घराची रीतच तशी होती. माग उतरवायचा तर चढवलेला ताणा पुरा विणायचा, शेवटचा तुकडा घराच्या लेकीनं कापायचा आणि तो तिच्याच ओटीत घालायचा. बाबनरावांना दिसत नव्हतं, गोपाळरावाला येत नव्हतं. उरला मधुसूदन.

तो उठला, सदरा काढून खुंटीला लावला आणि काठावर बसला. पाय खड्ड्यात सोडले.

खालची माती थंड होती. पावडीवर तळवा टेकला आणि इतक्या वर्षांनी पाय विसरला नव्हता, हे पाहून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. दोरे उघडले, धोटा गेला, फणी ओढली. पुन्हा दोरे, धोटा, फणी. आईनं शिकवलं तेव्हा ती शेजारी बसून बोटानं त्याच्या गुडघ्यावर ठोका धरायची. त्याला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आनंद झाला. छाती मोकळी झाली. बघा, त्याच्या मनात आलं, इथं काही नाही. इथं मी बरा आहे.

बाबनराव भिंतीपाशी डोळे मिटून आवाज ऐकत होते. त्यांनी मान हलवली. मनातून आवडलं होतं त्यांना, पण सांगतील कसे.

तेवढ्यात काठाजवळचा एक दोरा तुटला.

ताणा चारेक महिने तसाच पडून होता, खळ वाळून दोरे कडक झाले होते, तुटायचंच. मधुसूदननं दोरा सांधला, फणीतून ओवला आणि विणायला लागला. आत्या मागून वाकून पाहत होती.

"थांब गा," ती म्हणाली. "शेजारच्या घरात गेला तुहा दोरा. ते पाह, रेघ उमटली. उसव."

फणीच्या फटीला विणकर घर म्हणतात. एका घरचा दोरा दुसऱ्या घरात गेला की कापडात रेघ उमटते, आणि चांगला विणकर ती ठेवत नाही. मधुसूदननं विणलेलं तेवढं उसवलं, दोरा योग्य घरात ओवला आणि पुन्हा विणलं. आत्यानं पाहिलं. "आता झालं," म्हणाली आणि पान लावायला बसली.

इथपर्यंत सगळं नीट होतं. कोणत्याही विणकरानं हेच केलं असतं.

पण आणखी थोडं विणल्यावर मधुसूदनला वाटलं, पुन्हा रेघ दिसते आहे. त्यानं वाकून पाहिलं. दिसली. डोकं कलतं केलं, नाही दिसली. आत्याचं लक्ष नव्हतं. त्यानं उसवलं. दोरा योग्य घरात होता. पुन्हा विणलं. मग वाटलं, उसवताना शेजारचा दोरा तर नाही ओढला गेला? हे कापड आत्याच्या ओटीत जायचं आहे. सदोष वस्त्र ओटीत गेलं, आणि आत्याचं काही बरंवाईट झालं, तर? कोणाच्या हातानं? तुझ्या. त्यानं पुन्हा उसवलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, तळहात घामेजले, आणि ओला हात लागल्यानं दोऱ्याचे तंतू फुलून आले.

ठोका थांबला होता. ज्या आवाजाला घर उभी हयात सरावलं होतं, तो थांबला की घरात सगळ्यांना कळायचं.

"कितव्यांदा उसवून राहिला?" गोपाळरावानं शांतपणे विचारलं.

मधुसूदन आणखी एक दोरा सोडवत राहिला.

"पाहा बाबा. पाहा आत्या. इथंही तेच," गोपाळराव म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट भावाची दया होती, आणि तीच मधुसूदनला जास्त झोंबली. "दवाखान्यात बाटल्या, इथं दोरे. अरे बापू, तुले नोकरी चावत नाही. तुह्यं दुखणं तुह्या संगं फिरते. मंग कायले नोकरी घालवतो?"

"उठ मधु," बाबनराव म्हणाले. "राहू दे तो ताणा. मी देवाची माफी मागतो."

आत्या पानाचा विडा तसाच हातात धरून उभी होती. "बरोबर हाय रे कापड, मी पाहते न," ती कळवळून म्हणाली. "मी सांगते तुले, रेघ नाही..."

"आत्याबाई, सांगू नका," कौसल्या दारातून म्हणाली.

कालपासूनचं तिचं हे पहिलं बोलणं. आत्या तिच्याकडे वळली. "काहून सांगू नको वं? पोट्टा घामानं न्हाऊन राहिला."

"तुमी सांगसान तं त्यायले आता बरं वाटन. मंग सांजेले पुन्हा विचारतीन. उद्या पुन्हा. मी वर्षभर पाहून राहिली." तिनं सूप खाली ठेवलं. "त्यायले बसू द्या. उठवू नका आन सांगूही नका."

मधुसूदन काठावर बसून होता. पाय खाली, हात फणीवर. पळून जावं असं वाटत होतं, पण जायचं कुठे? दवाखान्यातून मागावर पळून आलो. मागावरून कुठे? घराच्या मागे तलाव होता, त्यात? दादाचं म्हणणं खरं होतं. दुखणं नोकरीत नव्हतं. कालपासून तो ज्या गोष्टीच्या जोरावर उड्या मारत होता, ती त्याच्या डोळ्यांदेखत खोटी ठरली होती, आणि तीही भरल्या घरासमोर. त्याला लाज वाटली. मग राग आला. दुसऱ्या कोणाचा नाही, या चळाचा. दवाखाना खाल्लास, झोप खाल्लीस, बायकोचं हसणं खाल्लंस. आता आईनं शिकवलेला ठोकाही खातोस?

त्यानं पावडी दाबली.

दोरे उघडले. त्यात रेघ असेल, नसेल. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि बघायला मान वाकत होती, ती त्यानं वाकू दिली नाही. समोरच्या भिंतीवरच्या खुंटीकडे पाहत त्यानं धोटा टाकला. फणी ओढली. छातीत धाडधाड होत होतं. उसव, उसव, आत्या मरेल, तुझ्यामुळे मरेल. त्यानं पुन्हा पावडी दाबली. धोटा, फणी. भीती चढत गेली, इतकी की ठोका वेडावाकडा पडू लागला. तरी तो थांबला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ती आपणहून उतरते. आज ती उतरायचं नावच घेत नव्हती. बरं, नको उतरू. चढून बस. मला हातभर कापड विणायचं आहे.

विणता विणता ताणा संपत आला. दोऱ्यांची टोकं दांडीवरून सुटून पुढे आली आणि आता धोटा टाकायला जागाच उरली नाही, तेव्हा तो थांबला. भीती गेली नव्हती. पण मघाशी जितकी होती तितकी राहिली नव्हती. केव्हा उतरली ते त्याला कळलंही नाही.

"काप आत्या," तो म्हणाला.

आत्यानं कात्री घेतली, कुंकवाचं बोट मागाला लावलं आणि कापड कापून घेतलं. सवयीनं तिनं ते दोन्ही हातांत धरून दाराच्या उजेडाकडे उचललं. ती दुसरं काही करूच शकत नव्हती, बिचारी. डोळे बारीक करून तिनं काठापासून काठापर्यंत पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. मधुसूदननं मान फिरवली.

"आत्या," तो भिंतीकडे पाहतच म्हणाला, "तुले काय दिसलं ते मले सांगू नको. आजही नको आन पुढंही नको."

आत्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मैनाबाईनं कापडावर मत दिलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं, आणि ते तिला किती जड गेलं हे तिच्या कपाळावरच्या शिरेवरूनच दिसत होतं. मग तिनं कापडाची घडी केली, पदर पुढे धरला आणि जयवंतेला म्हणाली, "घाल वं ओटी. पाहत काय राहिली?"

ओटी भरली. आत्यानं पदर खोचला. तिचे डोळे भरून आले होते.

"बरं झालं," गोपाळराव उठत म्हणाला. "रीत झाली. आता माग उतरवू आन बळीरामले हाक मारू. बंडी सांजेच्या आत लाकडाच्या टालावर परत द्या लागते."

"थांब दादा." मधुसूदन खड्ड्यातून पाय काढून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. "काल मी म्हणलो का दवाखान्यात जीव घाबरते म्हणून मागावर बसतो. ते खोटं निघालं. तुमी सगळ्यायनं पाह्यलं. जीव इथंही घाबरते."

"मंग मिटलं न."

"नाही मिटलं. आता नोकरी सोडाले काही कारण उरलं नाही. तरी मले विणाचं हाय." त्याला स्वतःलाच हे बोलणं नवं वाटत होतं, म्हणून तो सावकाश बोलत होता. "उद्या मी दवाखान्यात जाईन. बाटल्या भरीन, हातात देईन आन सरळ घरी येईन. त्या बाटल्यायच्या मागं न धावता जोपर्यंत मले काम जमत नाही, तोपर्यंत मी नोकरी सोडत नाही. पळून गेलो असं मले नाही पाहिजे. पण सांजेले मागावर बसीन. आन ज्या दिवशी बाटल्या चुपचाप देता येतीन, त्या दिवशी राजीनामा देईन."

"म्हणजे नोकरी जमाले लागल्यावर सोडशील?" बाबनराव म्हणाले. "हे कोणत्या गावचं शहाणपण?"

"जमत नाही म्हणून सोडणं आन जमते तरी सोडणं, यात फरक हाय बाबा."

गोपाळराव कमरेवर हात ठेवून उभा होता. "तुले पक्कं माहीत हाय?" त्यानं विचारलं. "सहा महिन्यानं पुन्हा रडशील का नोकरी होती तं बरं होतं. आत्ता छातीवर हात ठेवून सांग, पक्कं का?"

मधुसूदननं छातीवर हात ठेवला नाही. "पक्कं नाही सांगता येत."

"नाही सांगता येत! आन मी पोराच्या लग्नाची खोली अडवून ठेवू? तुह्या कच्च्या मनासाठी?"

त्याचं चूक नव्हतं. मुरूम त्यानं आणला होता, सून त्याची येणार होती. मधुसूदननं मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमची मागची खोली सुनेले दे. ती मोठी हाय, खिडकी हाय. मी आन कौसल्या इथं निजतो. मागापाशी."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की बायकोला त्यानं विचारलंच नाही. लग्न झाल्यापासूनची तिची खोली. तिथं तिनं भिंतीला स्वतः चुना लावला होता. तो तिच्याकडे वळला. जयवंताही वळली. आत्या पान चघळायची थांबली.

आता विचारावं, तुला चालेल ना, मी बरोबर करतो आहे ना? ते शब्द त्याच्या ओठापर्यंत आले होते. त्यानं ते गिळले. "कौसल्या," तो म्हणाला, "मी ठरवलं हाय. तुह्यं काय म्हणणं हाय ते तू सांग. भांडाचं असन तं भांड."

कौसल्या खड्ड्यापाशी आली. वाकून आत पाहिलं, मग खोलीच्या दोन्ही भिंती पाहिल्या, जणू गादीचं माप घेत होती.

"मले राग आला हाय," ती म्हणाली. "खोली देऊन टाकली आन मले मागून सांगतलं. हे मी विसरत नाही." तिनं पायानं खड्ड्याचा काठ चाचपला. "आन तुमी झोपेत लोळता. अशा खड्ड्याच्या काठाशी निजले तं पहिल्याच दिवशी आत पडसान. निजायच्या आधी याच्यावर फळ्या टाका लागतीन. जाड."

आत्यानं तोंडाला पदर लावला. बाबनराव गुडघ्यावर हात ठेवून खालीच पाहत राहिले.

गोपाळरावानं दाराकडे जाऊन बळीरामला हाक मारली. "मुरूम अंगणात टाक रे, नालीपाशी. आन बंडी रिकामी करून माह्या संगं टालावर चाल." चपला घालता घालता तो मागे न पाहता म्हणाला, "सागाच्या मिळणार नाहीत. बाभळीच्या आणतो. आन फाल्गुनापर्यंत ती खोली मले रिकामी पाहिजे, कच्च्या मनानं का होईना."

बाहेर मुरूम सांडल्याचा आवाज आला. जयवंता सुनेच्या खोलीची खिडकी पाहायला आत गेली, तिला आता घाई झाली होती. मधुसूदन नव्या ताण्यासाठी मागाचे दोर सैल करत होता, तेव्हा बाबनरावांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचं मनगट चाचपडून धरलं.

"मले पटलं नाही," ते हळू म्हणाले. "तू कंपाउंडर होता तेच मले चांगलं वाटत होतं. आन हे चुकलं तं?"

मधुसूदनच्या छातीत पुन्हा धाडधाड सुरू झालं. बापाच्या बोटांखाली त्याची नाडी उडत होती आणि ती म्हाताऱ्याला कळत होती, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं हात सोडवून घेतला नाही.

"चुकलं तं चुकलं, बाबा," तो म्हणाला, आणि कौसल्येबरोबर मागच्या खोलीतली गादी उचलायला गेला.